कोयतीच्या पिल्लाचं नाव

वैजू मालंडकरनं तो आवाज ओळखला तेव्हा बोटीवर चौदा पर्यटक होते, आणि त्यांतल्या कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. हेडफोन फक्त तिच्या कानांवर होता. बोटीच्या तळाला बसवलेल्या ध्वनिक्षेपकातून एक शीळ पाण्यात सुटली. खालून चढत गेलेली, मध्येच मोडलेली, पुन्हा चढून अलगद संपलेली. जेमतेम एका सेकंदाची. ती शीळ वैजूनं स्वतः नोंदवली होती. ज्या पिल्लाची ती होती ते पिल्लू जानेवारीत मेलं होतं, आणि आता मे महिना सुरू होता.

"दादा, मशीन बंद कर," ती म्हणाली.

सुकाणूवर तिचा थोरला भाऊ रूपेश होता. त्यानं मागे न बघताच विचारलं, "कित्याक? थांब, आता येतलीच ती."

आणि ती आली. मालवणच्या राजकोटाच्या खडकांकडून एक करडी पाठ सरळ रेषेत बोटीकडे निघाली. कोयत्याच्या पात्यासारखा मागे वळलेला तिचा पाठीवरचा पर वैजूनं लांबूनच ओळखला. कोयती. हे नाव वैजूनंच पंधरा वर्षांपूर्वी ठेवलेलं.

डॉल्फिन बोटीशी येतात तेव्हा रमतगमत येतात, दोन उड्या मारतात, मनात आलं तर निघून जातात. कोयती तशी आली नाही. ती थेट बोटीखाली शिरली, तळाला वळसा घालून पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली. वैजूच्या कानांत तीच शीळ परत घुमली, या वेळी थोड्या जाड आवाजात. ही मशीनची नव्हती. कोयती ध्वनिक्षेपकाला तोंड लावून आपल्या पिल्लाला हाका मारत होती.

पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. नाशिकहून आलेल्या एका बाईनं आपल्या मुलीला कडेवर उचलून घेतलं. "बघ, कशी भेटायला आली आपल्याला," ती म्हणाली.

सात मिनिटांनी रूपेशनं बोट वळवली. तेवढ्यात पाव मैलावरच्या दुसऱ्या बोटीतून तीच शीळ सुटली. कोयती पाण्यात क्षणभर थबकली आणि तिकडे निघाली.

*

डॉल्फिनांना नावं असतात ही गोष्ट शास्त्रज्ञांना पुष्कळ वर्षांपासून ठाऊक होती. माणसाचं नाव दुसरे ठेवतात, डॉल्फिन आपलं नाव आपणच ठेवतो. जन्मल्यानंतर काही महिने पिल्लू भोवतीचे आवाज ऐकत राहतं, चाचरत, चुकत स्वतःची एक शीळ घडवतं, आणि मग जन्मभर तीच त्याची ओळख. जिथं दोन हातांपलीकडचं दिसत नाही अशा गढूळ पाण्यात एकमेकांचा ठावठिकाणा या शिळेवरच. मी इथं आहे हे सांगायचं तर आपली शीळ घालायची, दुसऱ्याला बोलवायचं तर त्याची. पिल्लू दिसेनासं झालं की आई पिल्लाची शीळ घालते. एकदा ओळखीची झालेली शीळ ते वीस-वीस वर्षं विसरत नाहीत.

मालवणच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्या, पाठीवर कुबड असलेल्या जातीतही हे आहे, असं डॉ. ईशान रेगे यांनी दाखवून दिलं. त्यांनीच 'साद' बनवलं: पाण्यातल्या शिळा ऐकून कोणती कुणाची हे वेगळं करणारं आणि हवी ती शीळ पाण्यात सोडणारं यंत्र. कुठं तेल सांडलं, कुठं मोठं जाळं पडलं, तर डॉल्फिनांना नावानं हाक मारून तिथून दूर न्यावं, एवढाच त्यांचा हेतू होता. मालवणातल्या डॉल्फिनांची नावं गोळा करायला त्यांना स्थानिक माणूस हवं होतं. प्राणिशास्त्र शिकलेली, लहानपणापासून वडलांच्या होडीवर वाढलेली आणि नुसत्या परावरून एकसष्ट डॉल्फिन ओळखणारी वैजू त्यांना मिळाली. रूपेशच्या बोटीवर बसून तिनं चार वर्षांत एकसष्टच्या एकसष्ट शिळा नोंदवल्या आणि प्रत्येकीला क्रमांक दिला.

पुढे ते यंत्र पर्यटनातल्या एका कंपनीनं घेतलं, आणि वैजूही त्यांच्याकडे नोकरीला लागली. मालवण तोवर शहर झालं होतं. चिपीच्या विमानतळावर दिवसाला अठरा विमानं उतरत. किल्ल्यावर रोपवेच्या पाळण्यातून जाता येई, तारकर्लीला समुद्राखाली काचेची गॅलरी होती, आकाशात छत्र्या आणि पाण्यावर स्कूटरी होत्या. पण लोक सगळ्यात आधी विचारत ते डॉल्फिनचं. जेट्टीवर मोठा फलक होता: 'डॉल्फिन दर्शन, हमखास.' पूर्वी तीस-तीस बोटी एका कळपामागे धावत. साद आल्यावर बोटी जागच्या जागी उभ्या राहू लागल्या आणि डॉल्फिन आपण होऊन येऊ लागले. पाठलाग थांबला याचा सगळ्यांनाच आनंद झाला. वैजूलाही झाला होता.

कोयतीचं पिल्लू गेल्या पावसाळ्याआधी जन्मलं. दिवाळीच्या सुमारास त्याची शीळ पक्की झाली, वैजूनं ती नोंदवली आणि चव्वेचाळीस क्रमांकावर घातली. एका म्हाताऱ्या नराच्या मरणानं तो आकडा रिकामा झाला होता. जानेवारीत कुठल्याशा बोटीचा पंखा पिल्लाच्या पाठीत बसला. पुढे पाच दिवस कोयती ते मेलेलं पिल्लू डोक्यावर तोलून धरून फिरत होती. ते घसरून बुडायला लागलं की खाली जाऊन पुन्हा वर आणायची. वैजू पाचही दिवस होडीत बसून ऐकत राहिली. त्या पाच दिवसांत कोयतीनं एकच शीळ घातली. सहाव्या दिवशी देवबागच्या संगमाजवळ तिनं पिल्लू सोडून दिलं. त्यानंतर आठवड्याभरात कंपनीनं वैजूला नव्या केंद्राच्या उभारणीसाठी तीन महिने कारवारला पाठवलं. जायच्या घाईत चव्वेचाळीस क्रमांक यादीतून काढायचा राहून गेला.

बाकीचं मशीननं केलं. ज्या नावाला कुणी येतं ते नाव पुन्हा घ्यायचं, एवढंच त्याला शिकवलेलं होतं.

*

संध्याकाळी पर्यटक उतरून गेल्यावर वैजू जेट्टीवर रूपेशच्या शेजारी जाऊन बसली. तो दोर गुंडाळत होता.

"चव्वेचाळीस नंबर कोणाचो, तुका ठाऊक होतो?" तिनं विचारलं.

"माका बोर्डावर आकडो दिसता. नाव कोणाचा ता माका काय ठाऊक?"

"ता तिच्या पिल्लाचा नाव, दादा. जानेवारीत मेला ता."

रूपेशचे हात थांबले. तो म्हणाला, "माका वाटलेला कायतरी. अशी कोण येणा नाय." मग पुन्हा दोर गुंडाळत म्हणाला, "तीन म्हयने बघतंय. बाकीचे आता येणत नाय गो. दिवसभर नावां घेवन घेवन कंटाळले. ही एकटीच येता. सगळो धंदो आता हिच्यावर चललो हा."

"ती खाता कधी?"

रूपेशनं दोराची गुंडाळी बोटीत टाकली.

वैजूनं पुढचे आठ दिवस मोजदाद केली. एक्केचाळीस बोटी, दिवसाला सव्वादोनशेच्या वर हाका. सकाळी सातपासून सूर्य बुडेपर्यंत कोयती एका बोटीकडून दुसऱ्या बोटीकडे जात होती. तारली माशांचा थवा तिच्या पुढ्यातून गेला तरी ती वळत नव्हती. तिच्या डोक्यामागे खळगा पडला होता. चरबी उतरलेल्या डॉल्फिनला तिथंच पहिल्यांदा खळगा पडतो, हे वैजूला ठाऊक होतं.

कंपनीच्या केंद्रप्रमुखानं तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि चव्वेचाळीस क्रमांक त्याच दिवशी मुख्य यादीतून काढून टाकला. तेवढ्यानं भागलं नाही. सादची नक्कल केलेली यंत्रं केव्हाच बाजारात आली होती, आणि निम्म्या बोटींवर तीच होती, चोरलेल्या जुन्या यादीसकट. वैजू एकेका बोटवाल्याकडे गेली. काहींनी तिच्यासमोर ती शीळ पुसली. काहींनी "करतंय, करतंय" म्हटलं. एकानं सरळ सांगितलं, "बाय, सीझन संपांदे, मगे बघूया." चौदा बोटी उरल्या. कोयतीला एकही पुरेशी होती.

*

रेगे पणजीहून आले तेव्हा वैजूनं त्यांना आधी फोटो दाखवले. कंपनीशी त्यांचा आता संबंध उरला नव्हता. साठीला टेकलेले, हळू बोलणारे गृहस्थ. खळग्याचा फोटो ते बराच वेळ बघत राहिले.

"पंचवीस मेला बोटी बंद होतील," वैजू म्हणाली. "पुढे तीन महिने पावसाळा. तेवढ्यात विसरेल का ती?"

"नाही. तीन महिन्यांचं सोडा, ती म्हातारी होईपर्यंत विसरणार नाही. सप्टेंबरात पहिली बोट उतरेल, कुणीतरी ती शीळ वाजवेल, आणि ती येईल."

"मग काय करायचं, सर?"

रेगे उठून खिडकीशी गेले. खाली दांडीच्या किनाऱ्यावर छत्र्यांखाली माणसांची दाटी होती. तिकडे बघतच ते बोलले.

"ऐकू आलं नाही म्हणून नाव पुसलं जात नाही. ते खोटं ठरलं तरच पुसलं जातं. आत्ता तिला वाटतं की पिल्लू बोटीखाली कुठंतरी आहे, आपल्यालाच सापडत नाही. बोट हलते, आवाज हलतो, म्हणजे पिल्लू हललं. तिच्या परीनं ते बरोबरच आहे. पण तीच शीळ एकाच क्षणी दोन बाजूंनी आली तर? एक पिल्लू दोन ठिकाणी असू शकत नाही, एवढं तिला नक्की कळतं. पुन्हा पुन्हा, दिवसचे दिवस. शेवटी या आवाजामागे कुणी नाही हे तिला पटेल."

वैजूनं खळग्याचा फोटो पुन्हा हातात घेतला.

"मी ही कल्पना सुचवतोय असं समजू नका," रेगे वळून म्हणाले. "तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. वैजयंती, ते पिल्लू तिच्यापाशी आता तेवढंच उरलंय. आपण ते काढून घेणार. तो अधिकार आपल्याला कुणी दिला?"

"नाव उचललं तेव्हा कुणी दिला होता, सर?"

रेग्यांनी पिशवी उचलली. जेवायला न थांबताच ते गेले. आठ दिवसांनी वनखात्याच्या परवानगीचा कागद आला. अर्जावर प्रयोगाची संपूर्ण जबाबदारी घेणारी सही रेग्यांची होती. सोबत दोन यंत्रं एकाच क्षणी चालवण्याची मांडणी त्यांनी स्वतः करून पाठवली होती. चिठ्ठी मात्र नव्हती.

*

दोन यंत्रं म्हणजे दोन होड्या, आणि दुसऱ्या होडीवर माणूस हवा. वैजूनं रूपेशला विचारलं तेव्हा तो अंगणात जाळं विणत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"माझ्याच्यान नाय होवचा," तो म्हणाला.

"दादा, दुसऱ्या कोणाक सांगू?"

"कोणाकय सांग. आमी सगळ्यांनी मिळान तिका येडी केली, आता तिचा आवयपण सुद्धा तूच काढून घे. मी येवचंय नाय."

वैजूनं जाळ्याचं एक टोक उचलून हातात धरलं. तिला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी ती असती तर हेच बोलली असती. त्यानं सुई खाली ठेवली.

"केलंव नाय तर काय होतला?"

"सप्टेंबरात पुन्हा सुरू. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती जगाची नाय."

रूपेशनं जाळं गुंडाळून पडवीत टाकलं. "किती वाजता?" त्यानं विचारलं.

सव्वीस मेच्या सकाळी समुद्र रिकामा होता. पर्यटकांच्या बोटी किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांखाली झाकल्या होत्या. वारा अजून फिरला नव्हता, म्हणजे पाऊस येईपर्यंत हातात फार तर दहा दिवस. वैजूची होडी खडकांच्या बाजूला, रूपेशची किल्ल्याच्या अंगाला, मध्ये चारशे मीटर पाणी. दोघांकडे वायरलेस होते.

पहिली शीळ सुटली. कोयती वैजूकडे आली. तळाशी घिरट्या घालू लागली तेवढ्यात दोन्हीकडून पुन्हा शीळ आली. ती गर्रकन वळून रूपेशकडे गेली. निम्म्या वाटेवर पोचली तेव्हा पुन्हा. ती तिथंच उभी राहिली, मग परत वैजूकडे आली. पहिल्या दिवशी तिनं त्या दोन होड्यांमध्ये एकशे बारा फेऱ्या घातल्या. प्रत्येक फेरीची नोंद करणं वैजूचं काम होतं. संध्याकाळी किनाऱ्यावर भावाबहिणीनं होड्या ओढल्या आणि एकमेकांकडे न बघता आपापल्या घरी गेले.

दुसरा आणि तिसरा दिवस तसाच गेला. चौथ्या दिवशी कोयतीचा वेग वाढला. पिल्लू संकटात आहे अशी तिची समजूत झाली असावी. ती होडीवर डोकं आपटू लागली. रूपेशची होडी दोनदा कलली.

"वैजू, पुरे करूया," वायरलेसवर त्याचा आवाज आला. "ती मरतली."

"आता थांबलंव तर इतक्या सगळा फुकट जातला. तिका अर्धवट सोडूक येवचा नाय."

"तुका दिसणा नाय. हय ती माझ्याकडे बघता."

वैजूनं डोळे मिटून घेतले आणि कळ दाबली. दोन्हीकडून शीळ गेली.

सहाव्या दिवशी कोयती कुठल्याच होडीकडे आली नाही. दोन होड्यांच्या बरोबर मध्ये ती ओंडक्यासारखी पाण्यावर पडून राहिली. श्वास घ्यायचा, पुन्हा निश्चल. मग वैजूच्या हेडफोनमध्ये ती जाडसर शीळ उमटली. कोयती स्वतः हाक मारत होती. थांबून उत्तराची वाट बघत होती. ठरलेल्या क्रमानं उत्तर गेलं, एकाच क्षणी दोन बाजूंनी. तिनं पुन्हा हाक मारली. पुन्हा दोन बाजूंनी उत्तर. असं नऊ वेळा झालं. दहाव्या वेळी तिनं शीळ सुरू केली; ती खालून चढली, मोडायच्या जागी मोडली आणि तिथंच थांबली. उरलेला चढ तिनं घेतला नाही. त्यानंतर दिवसभर पाण्यात मशीनखेरीज कुणाचाच आवाज नव्हता.

घरी आल्यावर वैजू जेवली नाही. आईनं कारण विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली.

नवव्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि पाण्याला शिशाचा रंग होता. तारल्यांचा मोठा थवा खडकांजवळ आला, त्यामागे सात-आठ डॉल्फिन, त्यांत कोयती. ती वळणं घेत, शेपटी आपटत शिकार करत होती. वैजूनं तिच्यापासून तीस हातांवर शीळ सोडली. कोयतीनं मासा पकडला. वैजूनं पुन्हा सोडली. वीसदा सोडली. कोयतीचा पर एकदाही वळला नाही.

"झाला?" वायरलेसवर रूपेश.

"झाला."

वैजूनं वायरलेस खाली ठेवला. वैजूला वाटलं होतं की या क्षणी आपल्याला हायसं वाटेल, निदान रडू तरी येईल. तसं काहीच झालं नाही. ते नाव ओळखणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते होडीत बसून आपल्याच हातांनी वहीत लिहीत होतं: नऊ वाजून चाळीस मिनिटं, प्रतिसाद नाही.

*

सप्टेंबरात बोटी उतरल्या. चव्वेचाळीस नंबर ज्यांच्याकडे होता त्यांनी तो वाजवला. कुणी आलं नाही. त्यांनी इतर साठ नावं वाजवून पाहिली. तरी कुणी आलं नाही. दोन आठवड्यांत जेट्टीवरच्या फलकावरचा 'हमखास' हा शब्द रंगानं झाकला गेला, आणि नाताळापर्यंत फलकच उतरला. पर्यटक काचेच्या गॅलरीकडे वळले. शहराला फारसा फरक पडला नाही. बोटवाल्यांना पडला. ते वैजूशी बोलेनासे झाले. रूपेशनं बोट किल्ल्याच्या फेरीला लावली आणि तोही तिच्याशी कामापुरतंच बोलू लागला, तेही बहुतेक वहिनीच्या मार्फत. वैजूनं कंपनीची नोकरी सोडली आणि रेग्यांच्या संस्थेत पाण्याखालचे आवाज मोजण्याचं काम घेतलं. तिथं पगार निम्मा होता, आणि कुणाला हाक मारायची नव्हती.

कोयतीच्या डोक्यामागचा खळगा त्या हिवाळ्यात भरून आला.

मोजमापात एक गोष्ट वैजूच्या लक्षात यायला मात्र वर्ष लागलं. तिला आधी वाटलं यंत्र बिघडलंय. तिनं ते बदललं, मग दुसऱ्या जागी टाकलं. शेवटी सगळ्या नोंदी घेऊन ती पणजीला गेली. रेग्यांनी दोन दिवस त्या ऐकल्या.

"देवगडसमोर हेच डॉल्फिन व्यवस्थित शिळा घालतात," ते म्हणाले. "आचऱ्यापर्यंत घालतात. मालवणच्या पाण्यात शिरले की गप्प. मासे शोधायची टकटक तेवढी ऐकू येते. नावं नाहीत. एकही नाही."

"ते नऊ दिवस बाकीच्यांनीही ऐकलं होतं," वैजू म्हणाली.

"ते नऊ दिवस आणि त्याआधीची सहा वर्षं. या पाण्यात कुणी नाव घेतलं तर ते खरं असेलच असं नाही, हे त्यांना आपण शिकवलं." रेग्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "आता इथं जन्मणारी पिल्लं काय करतील मला माहीत नाही. नाव घडवायला आधी दुसऱ्यांची नावं कानांवर पडावी लागतात."

*

त्यानंतरच्या मार्चमधली गोष्ट. रविवारी सकाळी रूपेश स्वतः वैजूच्या दारात आला. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"चल, दाखवतंय काय तां," एवढंच म्हणाला.

त्यानं बोट राजकोटाच्या खडकांमागे नेली आणि इंजिन बंद केलं. पाणी संथ होतं. पंधरा मिनिटं गेली. मग कोयत्याच्या आकाराचा पर वर आला आणि त्याच्या बगलेत, अगदी चिकटून, एक लहानशी गुळगुळीत पाठ. महिन्याचंसुद्धा नसेल ते पिल्लू. त्याच्या अंगावर गर्भातल्या घड्या अजून दिसत होत्या.

वैजूनं पाण्यात ध्वनिग्राहक सोडला आणि हेडफोनची एक बाजू रूपेशच्या कानाला दिली. दोघांची डोकी जवळ आली. पाण्याचा सळसळाट होता, खडकावरच्या शिंपल्यांची चटचट होती. बाकी काही नव्हतं.

"बोलणत नाय?" रूपेशनं हलक्या आवाजात विचारलं.

"नाय."

"हेचा नाव काय?"

"नाव नाय."

"तू ठेवलंस नाय?"

"नाय. तेनाय अजून ठेवला नाय. ठेवतला की नाय, ठाऊक नाय."

रूपेश बघत राहिला. आई आणि पिल्लू श्वासाला एकदमच वर आले आणि एकदमच खाली गेले. थोड्या अंतरावर दुसरी एक मादी होती, तिच्या अंगालाही पिल्लू तसंच चिकटलेलं होतं.

"मगे चुकला तर?" तो म्हणाला. "आवस हाक कशी मारतली?"

"चुकाकच देणा नाय ती," वैजू म्हणाली. "बघ ना, कशी लागान चलता."

कोयती बोटीपासून वीस हातांवरून गेली. तिनं बोटीकडे पाहिलं नाही. पिल्लू मात्र कुतूहलानं एक वीतभर बाजूला सरकलं, आणि तत्क्षणी आईचा छातीजवळचा पर पुढे होऊन त्याच्या पाठीवर टेकला. ते पुन्हा तिच्या अंगाला जाऊन चिकटलं. दोघं तशीच खडकांना वळसा घालून गेली. ती दिसेनाशी झाल्यावरही रूपेशनं बराच वेळ इंजिन सुरू केलं नाही.